मागाच्या नियंत्रकाचे ऑब्जेक्ट-मॉडेल मुदतीत बसते का, हे कसे तपासावे

सोलापुरात चादरी आणि टेरी टॉवेल विणणाऱ्या मागांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तयार करणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी, आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला असा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, हे मार्गदर्शन लिहिले आहे. वाचकाला क्लास, ऑब्जेक्ट, स्टेट मशीन आणि थ्रेड या कल्पना ठाऊक आहेत असे येथे गृहीत धरले आहे. मॉडेल तयार आहे, कोड चालतो आहे आणि टेबलावरच्या बोर्डावर सारे सुरळीत दिसते आहे. तरीही बाणा (कापडाचा आडवा धागा) तुटल्यावर माग प्रत्येक वेळी वेळेत थांबेलच, हे कशाच्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर कागदावर काढण्याच्या रीतीला शेड्यूलेबिलिटी विश्लेषण म्हणतात. सर्व कामे सर्वांत वाईट योगायोगाने एकत्र आली, तरी प्रत्येक काम आपापल्या मुदतीत पूर्ण होते, हे माग चालवण्याआधी आकड्यांनी दाखवणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

खरी अडचण गणितात नाही. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ साली मांडलेल्या सिद्धान्तापासून हे शास्त्र ‘टास्क’ची भाषा बोलते: टास्कला आवर्तनकाळ (ती किती वेळाने पुन्हा येते) असतो, अंमलकाळ (प्रोसेसरवर तिला लागणारा वेळ) असतो आणि मुदत असते. ऑब्जेक्ट-मॉडेल मात्र ऑब्जेक्ट, संदेश आणि अवस्था यांची भाषा बोलते. क्लास डायग्राम कितीही वेळ न्याहाळला तरी त्यात टास्क सापडत नाही, आणि मग ‘एक ऑब्जेक्ट म्हणजे एक थ्रेड, महत्त्वाच्या ऑब्जेक्टला वरचा अग्रक्रम’ असा सोपा हिशेब केला जातो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे आकड्यांनी समजले की उरलेले काम बरेच सोपे होते. मुदत ऑब्जेक्टला नसते. बाहेरच्या एखाद्या घटनेपासून तिच्या परिणामापर्यंत अनेक ऑब्जेक्टमधून जाणाऱ्या साखळीला असते. म्हणून विश्लेषणाचे एकक साखळी आहे.

घटनांची यादी आधी, क्लासची नंतर

आपण एक शिकवणीपुरता नियंत्रक घेऊ. त्यातील आकडे कोणत्याही विशिष्ट कंपनीच्या मागाचे नाहीत. हिशेब हाताने करता यावा एवढ्याच हेतूने ते निवडले आहेत. माग मिनिटाला ३०० पिक (एक पिक म्हणजे बाण्याचा एक धागा) टाकतो, म्हणजे मुख्य शाफ्टची एक फेरी २०० मिलिसेकंदांत पूर्ण होते. मॉडेलमध्ये बाणापहारेकरी, मागनियंत्रक, ब्रेक, ताणनियंत्रक, मोटर, जेकार्ड (नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणारे यंत्र), पडदा आणि नोंदवही अशी आठ ऑब्जेक्ट आहेत. मागनियंत्रक मध्यभागी आहे आणि बहुतेक संदेश त्याच्यातून जातात. अशी मध्यवर्ती वस्तू जवळजवळ प्रत्येक मॉडेलमध्ये आढळते आणि अडचणीही बहुधा तिथेच दडलेल्या असतात.

पहिले काम म्हणजे ऑब्जेक्ट बाजूला ठेवून बाहेरच्या घटना लिहून काढणे. आपल्या नियंत्रकाला पाच घटना आहेत आणि त्यांच्यापासून पाच साखळ्या निघतात.

बाणा: प्रत्येक पिकला एकदा सेन्सरचा निकाल येतो आणि धागा तुटलेला असेल तर शाफ्ट ९ अंश फिरण्याच्या आत ब्रेकला हुकूम गेला पाहिजे. साखळी बाणापहारेकरी (०.४), मागनियंत्रक (०.५) आणि ब्रेक (०.३) अशी जाते, एकूण अंमलकाळ १.२ मिलिसेकंद.

ताण: बीमवरून, म्हणजे उभ्या धाग्यांच्या रुळावरून, ताणा किती सोडायचा हे दर १० मिलिसेकंदांनी ठरते आणि पुढची वेळ येण्याआधी ते पूर्ण झाले पाहिजे. ताणनियंत्रक (२.०) आणि मोटर (०.५), एकूण २.५ मिलिसेकंद.

नक्षी: जेकार्डचा बफर रिकामा होताच तो पुढची ओळ मागतो. ही मागणी शाफ्टच्या ठरावीक कोनाला येत नाही, मात्र दोन मागण्यांमध्ये किमान एका पिकचे अंतर राहील असे बंधन कोडमध्येच आहे. ओळ १०८ अंशांच्या आत पोहोचली पाहिजे. मागनियंत्रक (४) आणि जेकार्ड (८). एकूण १२ मिलिसेकंद.

पडदा: दर १०० मिलिसेकंदांनी वेग, पिकची संख्या आणि थांब्याचे कारण दाखवायचे असते. मागनियंत्रक (३) आणि पडदा (२२). एकूण २५ मिलिसेकंद.

नोंद: दर सेकंदाला उत्पादनाची नोंद साठवायची असते. फक्त नोंदवही, ४० मिलिसेकंद.

मुदत अंशांत लिहिली आहे, ही बाब सहज नजरेआड होते. जॉबर (मागांची देखभाल करणारा कारागीर) मागाचा वेग बदलतो तेव्हा आपल्याला विचारून बदलत नाही. ९ अंश म्हणजे ३०० पिकला ५ मिलिसेकंद, पण वेग वाढला की तेच ९ अंश कमी वेळात संपतात. यंत्राच्या हालचालीशी बांधलेली मुदत मॉडेलमध्ये अंशांतच नोंदवावी आणि मिलिसेकंदांत रूपांतर हिशेबाच्या वेळी करावे. ताणाची मुदत मात्र घड्याळाची आहे, कारण तिथले नियंत्रण ठरावीक कालांतराने चालते. ती मिलिसेकंदांतच राहू द्यावी.

ही माहिती मॉडेलबाहेरच्या वहीत ठेवण्याऐवजी मॉडेलमध्येच लिहिण्यासाठी यूएमएलला (अशी मॉडेल रेखाटण्याच्या चित्रभाषेला) मार्टे नावाचा प्रोफाइल, म्हणजे विस्तार, आहे. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने त्याची पहिली आवृत्ती २००९ साली प्रसिद्ध केली. सीक्वेन्स डायग्रामवर घटनेला आवर्तन, प्रत्येक पायरीला अंमलकाळ आणि सामायिक ऑब्जेक्टला कुलपाचा (एका वेळी एकालाच आत घेण्याचा) नियम चिकटवता येतो, आणि असे मॉडेल मास्टसारख्या विश्लेषण-साधनाकडे पाठवता येते. तरीही पहिल्या वेळी पूर्ण हिशेब हातानेच करावा, असे माझे मत आहे. साधन उत्तर चटकन देते, पण कोणता आकडा कशामुळे फुगला हे हाताने केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

अंमलकाळ मोजताना

साखळीतील प्रत्येक पायरीसमोर सर्वाधिक अंमलकाळ लिहायचा आहे, सरासरी नव्हे. सर्वांत साधी पद्धत म्हणजे क्रिया सुरू होताना बोर्डाची एक पिन वर करणे, संपताना खाली आणणे आणि ऑसिलोस्कोपवर रुंदी पाहणे. या पद्धतीने दिसणारी सर्वांत मोठी रुंदी म्हणजे ‘आतापर्यंत पाहिलेली’ सर्वांत मोठी रुंदी असते. म्हणून मोजणी करताना वाईट प्रसंग मुद्दाम घडवून आणावे लागतात: नक्षीची सर्वांत रुंद ओळ, पडद्यावर सर्वांत लांब संदेश, नोंदवहीचे पान भरल्यानंतरची पहिली नोंद. त्यावर काही टक्के राखीव ठेवावेत आणि ते किती ठेवले हे लिहून ठेवावे.

ऑब्जेक्ट-पद्धतीत येथे दोन खास सापळे आहेत. पहिला बहुरूपतेचा. ‘सेन्सर’ या मूळ क्लासची ‘वाचा’ ही मेथड मोजली आणि उद्या कोणी ऑप्टिकल सेन्सरसाठी नवा उपक्लास लिहिला, तर जुना आकडा खोटा ठरतो आणि कंपायलर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून मूळ क्लासमध्येच त्या मेथडची वेळेची कमाल मर्यादा करार म्हणून लिहावी आणि प्रत्येक उपक्लासने ती पाळली पाहिजे असा नियम करावा. मर्यादा ओलांडणारा उपक्लास हा रचनेतला दोष मानावा, मग त्याचे उत्तर कितीही अचूक असो. दुसरा सापळा चालू मागात नवे ऑब्जेक्ट निर्माण करण्याचा. स्मृती मागितल्यावर ती किती वेळात मिळेल याची हमी सर्वसाधारण वाटपपद्धती देत नाहीत. त्यामुळे लागणारी सर्व ऑब्जेक्ट आणि संदेशांच्या जागा वीज आल्याबरोबर एकदाच निर्माण कराव्यात.

स्टेट मशीनमुळे एकाच संदेशाची किंमत अवस्थेनुसार बदलते. माग चालू असताना, थांबलेला असताना आणि तुटलेला बाणा शोधताना त्याच संदेशावर वेगवेगळे काम होते. प्रत्येक अवस्थेतला सर्वांत महाग आकडा घेऊन सगळ्यांची बेरीज केली तर उगाच घाबरवणारे उत्तर येते. त्याऐवजी चालण्याच्या प्रत्येक पद्धतीचे वेगळे विश्लेषण करावे. येथे आपण फक्त चालू मागाचे करू.

टक्केवारीवर थांबू नये

बहुतेक ठिकाणी विश्लेषण येथेच आटोपते. प्रत्येक साखळीचा अंमलकाळ भागिले आवर्तनकाळ काढला तर बाण्याचे ०.६ टक्के, ताणाचे २५, नक्षीचे ६, पडद्याचे २५ आणि नोंदीचे ४ मिळून प्रोसेसर ६०.६ टक्के व्यस्त दिसतो. लिऊ आणि लेलँड यांची मर्यादा पाच टास्कसाठी सुमारे ७४.३ टक्के आहे आणि टास्कची संख्या कितीही वाढली तरी ती ६९.३ टक्क्यांच्या खाली जात नाही. आपण दोन्हींच्या आत आहोत, तेव्हा काम झाले असे वाटणे साहजिक आहे.

परंतु त्या मर्यादेमागच्या अटी वाचल्या पाहिजेत. प्रत्येक टास्कची मुदत तिच्या आवर्तनकाळाएवढी असावी, टास्क एकमेकांवर अवलंबून नसाव्यात आणि वरच्या अग्रक्रमाचे काम खालच्या कामाला केव्हाही बाजूला सारू शकावे, अशा त्या अटी आहेत. आपल्या बाण्याची मुदत आवर्तनकाळाच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढीच आहे, तीन साखळ्या मागनियंत्रक या एकाच ऑब्जेक्टमधून जातात, आणि स्टेट मशीनचा नियम असा की हाती घेतलेला संदेश पूर्ण केल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. तिन्ही अटी मोडतात. १०० वरून ६०.६ वजा करून प्रोसेसरला ‘३९ टक्के मोकळीक’ आहे असे अहवालात लिहिणे म्हणजे बीमवर सूत शिल्लक आहे एवढ्यावरून टॉवेल निर्दोष ठरवण्यासारखे आहे.

हाती घेतलेला संदेश पूर्ण करण्याचा हा नियम चांगलाच आहे. त्याच्यामुळे ऑब्जेक्टची अवस्था अर्धवट बदललेली कधी दिसत नाही. ब्रॅन सेलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडलेल्या रूम या रिअल-टाइम ऑब्जेक्ट-मॉडेलिंग पद्धतीत आणि पुढे तिच्यातून आलेल्या कॅप्सूल-मॉडेलमध्ये हाच नियम पायाभूत आहे. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि ती किंमत हिशेबात धरणे हेच ऑब्जेक्ट-मॉडेलच्या विश्लेषणाचे वेगळेपण आहे.

अग्रक्रम कोणाला द्यावा

स्थिर अग्रक्रम देताना लहान आवर्तनकाळाला वरचा अग्रक्रम द्यावा, हा नियम अनेकांना पाठ असतो. आपल्या उदाहरणात तो घातक ठरेल, कारण बाण्याचा आवर्तनकाळ २०० मिलिसेकंद असल्यामुळे तो पडद्याच्याही खाली जाईल. मुदत आवर्तनकाळापेक्षा लहान असते तेव्हा लहान मुदतीला वरचा अग्रक्रम द्यावा. लेउंग आणि व्हाइटहेड यांनी १९८२ साली ही रीत स्थिर अग्रक्रमांमध्ये सर्वोत्तम असल्याचे सिद्ध केले. त्यानुसार बाणा (५), ताण (१०), नक्षी (६०), पडदा (१००) आणि नोंद (१०००) असा क्रम लागतो; कंसात मिलिसेकंदांतली मुदत आहे. जवळच्या मुदतीला आधी न्याय देणारी, चालू असताना अग्रक्रम बदलणारी पद्धतही आहे आणि सिद्धान्तात ती अधिक काटकसरी ठरते. पण लहान बोर्डांवरच्या बहुतेक रिअल-टाइम कर्नलमध्ये (थ्रेड चालवणाऱ्या मूळ प्रणालीमध्ये) स्थिर अग्रक्रमच मिळतात, म्हणून आपण त्यांच्यावरच थांबू.

आता तीन रचना तपासू. पहिलीत सर्व ऑब्जेक्ट एकाच थ्रेडवर आहेत आणि संदेशांची एकच रांग आहे. नोंदवहीने ४० मिलिसेकंदांचे काम नुकतेच हाती घेतले आणि बाणा तुटला, तर ५ मिलिसेकंदांची मुदत असलेली साखळी ४० मिलिसेकंद दारातच उभी राहते. येथे आणखी हिशेब करण्याचे कारण नाही.

दुसरी रचना सर्वांत लोकप्रिय आहे: प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतंत्र थ्रेड आणि ऑब्जेक्टच्या महत्त्वानुसार अग्रक्रम. बाण्याचा संदेश मागनियंत्रकातून जातो, म्हणून मागनियंत्रकाला ताणनियंत्रकाच्या वरचा अग्रक्रम द्यावा लागतो. मागनियंत्रकाने नक्षीचे ४ मिलिसेकंदांचे काम नुकतेच सुरू केलेले असताना बाणा तुटला, तर बाण्याचा प्रतिसादकाळ (घटनेपासून साखळी पूर्ण होईपर्यंतचा वेळ) १.२ अधिक ४, म्हणजे ५.२ मिलिसेकंद होतो. मुदत ५ ची आहे. मागनियंत्रकाची रांग ‘आधी आला तो आधी’ अशी असेल आणि पडद्याचा संदेश पुढे उभा असेल, तर त्यात आणखी ३ मिळून ८.२ होतात, म्हणून रांग संदेशाच्या अग्रक्रमानुसार लावणे ही किमान गरज आहे.

५.२ हा आकडा जरा निरखून पाहण्यासारखा आहे. मिनिटाला २८८ पिकच्या वेगाला ९ अंश म्हणजे सुमारे ५.२१ मिलिसेकंद होतात. म्हणजे हीच रचना २८८ वर बाण्याच्या बाबतीत काठावर उत्तीर्ण होते आणि ३०० वर, तेही नक्षीचे काम नेमके त्याच क्षणी सुरू झाले तरच, नापास होते. टेबलावर सावकाश वेगाने घेतलेल्या चाचणीत असा दोष वर्षभर सापडणार नाही आणि टॉवेलवर मात्र अधूनमधून पट्टी उमटत राहील.

ताणाची स्थिती आणखी बोलकी आहे. मागनियंत्रकाचा थ्रेड त्याच्या वर असल्यामुळे बाण्याचे १.२, नक्षीचे ४ आणि पडद्याचे ३ मिलिसेकंद असे सगळेच त्याच्या आधी चालू शकतात. स्वतःचे २.५ धरून बेरीज १०.७ होते, मुदत १० ची आहे. पडद्यावरचे आकडे तयार करण्यासारखे शंभर मिलिसेकंद थांबू शकणारे काम दहा मिलिसेकंदांच्या कामाला मागे सारते, याचे कारण एवढेच की दोन्हींची गाठ एका महत्त्वाच्या ऑब्जेक्टपाशी पडली आणि अग्रक्रम त्या ऑब्जेक्टला दिला होता.

तिसऱ्या रचनेत अग्रक्रम साखळीला दिला जातो. पाच साखळ्यांसाठी पाच थ्रेड असतात. संदेश ज्या साखळीचा, तिच्या थ्रेडवर ऑब्जेक्टची क्रिया चालते. आणि सामायिक ऑब्जेक्टला कुलूप असते, म्हणजे एका वेळी एकच क्रिया आत असते. कुलूप साधे असून चालणार नाही. खालच्या साखळीने मागनियंत्रकाचे कुलूप घेतले, वरची साखळी त्यासाठी थांबली आणि मधल्याच साखळीने प्रोसेसर बळकावला, तर वरच्या साखळीची अडवणूक किती लांबेल याला मर्यादा उरत नाही. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हापुन्हा रीसेट होत होता, तो याच कारणाने: हवामानाच्या खालच्या अग्रक्रमाच्या कामाकडे माहिती-बसचे कुलूप होते आणि मधल्या अग्रक्रमाची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती. पृथ्वीवरून अग्रक्रम-वारशाची (कुलूप धरणाऱ्या कामाला, त्यासाठी थांबलेल्या वरच्या कामाचा अग्रक्रम तात्पुरता देण्याची) सोय चालू केल्यावर तो दोष गेला. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी या नियमांचे विश्लेषण १९९० साली प्रसिद्ध केलेले होते. आपल्याकडे फ्रीआरटीओएस हा कर्नल वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की त्यातील म्युटेक्स या कुलपाला हा वारसा मिळतो, बायनरी सेमाफोरला मिळत नाही. दोन्ही दिसायला सारखे असल्यामुळे चूक सहज होते.

त्याहून सरळ नियम असा की ज्या क्षणी एखादी साखळी मागनियंत्रकात शिरते, त्या क्षणी तिचा अग्रक्रम तो ऑब्जेक्ट वापरणाऱ्या सर्वांत वरच्या साखळीएवढा करावा आणि बाहेर पडताना पुन्हा खाली आणावा. या नियमात कोणतीही साखळी एका आवर्तनात खालच्या साखळीमुळे जास्तीत जास्त एकदाच अडते. हिशेब त्यामुळे सोपा होतो.

मॉडेल बदलणे

तिसऱ्या रचनेतही बाण्याचा प्रतिसादकाळ ५.२ च राहतो, कारण मागनियंत्रकातली नक्षीची क्रिया अजून ४ मिलिसेकंदांचीच आहे. अग्रक्रम, थ्रेड आणि कुलूप यांत कितीही फेरफार केले तरी हा आकडा हलत नाही. तो मॉडेलमध्ये आहे आणि मॉडेलमध्येच बदलावा लागेल. विश्लेषण शेवटी न करता रचनेच्या वेळीच करावे, असे म्हणतात ते याचसाठी.

मागनियंत्रकाला नक्षीची ओळ स्वतः उलगडण्याची गरजच काय, असा प्रश्न विचारला की उत्तर मिळते. त्याने फक्त चालू पिकचा क्रमांक सांगावा (०.६), आणि ओळ उलगडण्याचे काम नक्षीवाचक या नव्या ऑब्जेक्टने करावे (३.४). पडद्यासाठीही मागनियंत्रकाने आपल्या अवस्थेची प्रत तेवढी द्यावी (०.३) आणि आकड्यांची मांडणी पडद्याने स्वतः करावी (२.७ ची भर). एकूण अंमलकाळ तसाच राहिला, टक्केवारी ६०.६ च राहिली, पण मागनियंत्रकातली खालच्या साखळ्यांची सर्वांत लांब क्रिया ४ वरून ०.६ वर आली. येथे एक दक्षता घ्यावी: मागनियंत्रकाने क्रियेच्या आतूनच नक्षीवाचकाला थेट बोलावून उत्तराची वाट पाहिली, तर ते ३.४ मिलिसेकंद पुन्हा कुलपाच्या आतच मोजले जातील. संदेश पाठवून मोकळे व्हावे.

प्रतिसादकाळाचा हिशेब

आता प्रत्येक साखळीचा प्रतिसादकाळ काढू. मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी १९८६ साली दिलेली रीत सर्वांत उपयोगी आहे. साखळीचा स्वतःचा अंमलकाळ, खालच्या साखळीमुळे होणारी अडवणूक, आणि तेवढ्या अवधीत वरच्या साखळ्या जितक्या वेळा येऊ शकतील तितक्या वेळा त्यांचा अंमलकाळ, अशी बेरीज करायची. मात्र अवधी वाढला की वरच्या साखळ्यांच्या फेऱ्या वाढतात, आणि फेऱ्या वाढल्या की अवधी वाढतो. म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत किंवा मुदत ओलांडेपर्यंत बेरीज पुन्हापुन्हा करायची. भागाकार अपूर्णांकात आला तर फेऱ्यांची संख्या नेहमी वरच्या पूर्णांकाला न्यायची.

बाण्याच्या वर कोणी नाही: १.२ अधिक ०.६, म्हणजे १.८. ताणाला मागनियंत्रक लागत नाही, तरी त्यात शिरलेल्या नक्षीचा अग्रक्रम तेवढ्यापुरता वर जात असल्यामुळे ०.६ ची अडवणूक त्यालाही आहे: २.५, ०.६ आणि बाण्याचे १.२ मिळून ४.३.

नक्षीसाठी अडवणूक पडद्याच्या ०.३ ची. स्वतःचे १२, बाण्याचे १.२ आणि ही अडवणूक मिळून १३.५. तेवढ्या वेळात ताण दोनदा येतो, म्हणजे ५ ची भर आणि १८.५. या अवधीतही ताणाच्या फेऱ्या दोनच. आकडा स्थिर झाला.

पडद्याला अडवणूक नाही, कारण नोंदवही कोणाशी काही वाटून घेत नाही. २५, १.२ आणि १२ मिळून ३८.२, ताणाच्या चार फेऱ्या धरून ४८.२, मग पाच फेऱ्या होऊन ५०.७, मग सहा होऊन ५३.२, येथे तो थांबतो. नोंदीचा आकडा याच रीतीने १३८.२ येतो; तिच्या हिशेबात १०३.२ ला पोहोचताच पडद्याची दुसरी फेरी येते, ती विसरू नये. पाचही आकडे मुदतीच्या आत आहेत.

यात दोन भरी घालणे बाकी आहे. थ्रेड बदलताना कर्नलला लागणारा वेळ प्रत्येक साखळीच्या अंमलकाळात दोनदा मिळवावा, एकदा येताना आणि एकदा जाताना. दुसरी भर इनपुट वाचण्यातल्या विलंबाची: सेन्सरची पिन इंटरप्टने न वाचता दर मिलिसेकंदाला वाचली जात असेल, तर घटना घडून एक मिलिसेकंद उलटल्यावर आपल्याला कळू शकते, म्हणून बाण्याचा खरा प्रतिसादकाळ १.८ नसून २.८ धरावा. मुदत घटनेच्या क्षणापासून मोजली जाते, आपल्याला ती कळल्यापासून नव्हे.

वेग वाढवून मिनिटाला ३६० पिक केले तर काय, हे आता काही मिनिटांत सांगता येते. फेरी सुमारे १६६.७ मिलिसेकंदांची होते, ९ अंशांचे ४.१७ आणि १०८ अंशांचे ५० मिलिसेकंद होतात. सर्वांत लांब प्रतिसादकाळ १३८.२ असून तो नव्या फेरीच्या आत आहे, त्यामुळे बाणा किंवा नक्षी कोणाच्याही हिशेबात दुसऱ्यांदा येत नाही आणि पाचही आकडे जसेच्या तसे राहतात. बाण्याचे २.८ हे ४.१७ च्या आत बसतात. जुन्या रचनेचे ५.२ मात्र तेथे कोठेच बसले नसते.

बोर्डावर पडताळणी

कागदावरचा हिशेब झाल्यावर प्रत्येक साखळीच्या आरंभी आणि अखेरीस वेळेची नोंद ठेवून माग पूर्ण पाळीभर चालवावा आणि पाहिलेला सर्वांत मोठा प्रतिसादकाळ हिशेबाशेजारी लिहावा. पाहिलेला आकडा हिशेबापेक्षा लहान असणे अपेक्षितच आहे. सर्वांत वाईट योगायोग एका पाळीत जुळेलच असे नाही. तो मोठा निघाला तर मात्र माग थांबवून मॉडेलकडे परतावे, कारण त्याचा अर्थ मॉडेलमध्ये नसलेले काहीतरी प्रोसेसर अडवते आहे.

असे ‘काहीतरी’ बहुधा ड्रायव्हरमध्ये सापडते. आपल्या नोंदवहीचे ४० मिलिसेकंद आपण बाजूला सारता येण्याजोगे धरले. पण नोंदी मायक्रोकंट्रोलरच्या अंतर्गत फ्लॅशमध्येच साठत असतील, तर अनेक चिपमध्ये त्या फ्लॅशचा भाग पुसला जात असताना तेथूनच चालणारा कोड थांबून राहतो. पुसण्याला २० मिलिसेकंद लागत असतील, तर ती सर्वांत खालच्या साखळीने सर्वांत वरच्या साखळीची केलेली २० मिलिसेकंदांची अडवणूक ठरते आणि बाण्याचा प्रतिसादकाळ, इनपुटचा विलंब न धरताही, १.८ वरून २१.२ वर जातो. क्लास डायग्राममध्ये नोंदवही आणि ब्रेक यांच्यामध्ये एकही रेघ नसताना हे घडते. अशा वेळी नोंदी बाहेरच्या सिरियल फ्लॅशवर हलवाव्यात किंवा पुसण्याचे काम माग थांबलेला असतानाच करावे, आणि दोन्हींपैकी काहीही केले तरी नोंदवहीच्या पायरीवर ‘बाजूला सारता येते’ ही खूण चिप-उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहूनच ठेवावी.